फलकावरची रिकामी जागा

माझे वडील खामगावला एका जिनात वजनकाट्यावर होते. बिडीचे पक्के शौकीन. दिवसाकाठी एक कट्टा संपायचा, पाहुणे आले की दुसरा फुटायचा. पण सकाळी फाटकातून आत शिरताना कट्टा आणि आगपेटी चौकीदाराच्या खोलीतल्या फळीवर ठेवायची, यात कधी चूक झाली नाही. त्या फळीवर पंधरा-वीस आगपेट्या ओळीने मांडलेल्या असत. आपली कोणती ते कळावं म्हणून प्रत्येकाने काही ना काही खूण केलेली. वडिलांच्या पेटीवर खिळ्याने ओढलेली फुली होती. दुपारचा भोंगा झाला की माणसं फाटकाबाहेर येत, आपापली पेटी उचलत आणि रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उकिडवी बसत. मी डबा घेऊन जायचे तेव्हा तिथे धुराचा एवढा लोट असे की वडील शोधावे लागत.

आत मात्र एक काडीही पेटत नसे. आत कापूस होता. रुईचे तंतू हवेत तरंगत, माणसांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बसत. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की अंगणातल्या गंज्या घराएवढ्या होत. एकदा नव्या मजुराने संडासामागे जाऊन बिडी शिलगावली. मालकापर्यंत बातमी जायच्या आत चार हमालांनी त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर आणला. ‘तुया बापाची रुई हाय काय?’ असं एकाने विचारलेलं वडील पुढे कितीतरी वर्षं हसून सांगायचे. कारखान्याच्या कायद्यात त्याबद्दल काय लिहिलंय, हे त्या हमालांच्या गावीही नव्हतं. गंजी पेटली तर हंगामभराची मजुरी जळेल, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१९८२ साली मी बुलढाण्याला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि पहिल्या दिवशी आठवण झाली ती त्या फळीची. एका खोलीत सात टेबलं, सहा पुरुष आणि मी. भिंतीला लागून छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते. आणि सहाच्या सहा माणसं ओढणारी. मोठ्या बाबूंच्या टेबलावर पितळेचा ॲशट्रे, बाकीच्यांच्या टेबलांवर चहाच्या फुटक्या बशा. जिनात पेटायला रुई होती तर इथे कागद होता, तोही सगळ्या जिल्ह्याच्या जमिनींचा. तरी आगपेटी बाहेर ठेवा असं कुणाला सुचलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझा पदर नाकाशी धरला आणि काही न बोलता नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सुपारीसुद्धा न खाणारा. म्हणजे संशयाला दुसरी जागाच नव्हती. पुढे त्या स्वतः एकदा काही कामाने कार्यालयात आल्या, दारात उभ्या राहून आतला धूर पाहिला आणि घरी येऊन म्हणाल्या, ‘व माय, तू तिथं बसतंस तरी कशी?’ त्या दिवसापासून कार्यालयाच्या साड्या वेगळ्या दोरीवर वाळू लागल्या.

१९८६ मध्ये मला दिवस गेले होते. सकाळच्या वेळी धूर नाकात गेला की उलटी व्हायची. मी मोठ्या बाबूंना म्हटलं, माझं टेबल खिडकीपाशी सरकवू द्या. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. माझ्या पगाराच्या बिलात चूक झाली तेव्हा तेच धावले होते. ते म्हणाले, ‘बाई, खिडकीपाशी रेकॉर्ड भिजते.’ बस्ते भिजतील ही काळजी खरीच होती. मग मी व्हरांड्यात स्टूल टाकून आवक-जावक लिहू लागले, आणि पावसाळाभर रजिस्टरही भिजलं, मीही भिजले. कुणी माझ्याशी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. धूर हा खोलीचाच एक भाग होता, जसा पंख्याचा आवाज. खटकणारी गोष्ट मीच होते.

हे सांगायचं कारण असं की धूम्रपानबंदीचा कायदा म्हणजे सरकारने माणसाच्या सुखात घातलेला हात, असं म्हणणारे मला अजून भेटतात. त्यांतले बरेच शिकलेले आहेत. मी त्यांना विचारते, व्हरांड्यातल्या त्या स्टुलावर कुणाचं सुख बसलं होतं?

कायदा आमच्यापर्यंत यायला फार वेळ लागला. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं, आगगाड्या आणि बसगाड्या यांत धूम्रपानाला मनाई केली. आमच्या कार्यालयात त्याचं परिपत्रक आलं. मीच ते आवक केलं आणि मोठ्या साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी सिगारेट डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने ‘पाहिले’ असं लिहून सही केली. नंतर २००३ चा केंद्राचा कायदा झाला, २००४ पासून त्यातली बंदी लागू झाली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आले. त्यांत खासगी कार्यालयं, कँटीन, सिनेमागृहं, मंगल कार्यालयं असं सगळं छपराखालचं जग स्पष्ट शब्दांत आलं. गांधीजयंतीचा मुहूर्त साधला होता. बाबूंच्या पितळी ॲशट्रेत तोवर टाचण्या ठेवल्या जात होत्या, कारण बाबू निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आलेला मुलगा गुटखा खायचा.

गुटख्याचं नाव निघालंच तर एक आक्षेप इथेच घेऊन टाकते. महाराष्ट्रात ओढणारे आहेत तरी किती? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक बिडी-सिगारेट ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे. मग खाणाऱ्यांना सोडून ओढणाऱ्यांच्या मागे का लागता? राज्याने जुलै २०१२ पासून गुटखा बंद केला आहे आणि तो किती बंद आहे हे आमच्या जिन्यांचे कोपरे सांगतात, ते दुःख वेगळं. पण शेजारच्या टेबलावर कुणी तळहातावर तंबाखू मळून बार भरला तर त्याचं जे काय व्हायचं ते त्याच्या गालाचं होतं. बिडीचं तसं नाही. ती एक जण ओढतो आणि खोलीतले सात जण पितात. दुसऱ्याच्या धुराने जगात वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्या माणसांनी हातात बिडी धरलेली नसते. आणि त्याच पाहणीत देशभरातल्या बंदिस्त जागी काम करणाऱ्यांपैकी ३०.२ टक्के लोकांनी सांगितलं होतं की आमच्या कामाच्या जागी धूर असतो. म्हणजे नियम येऊन आठ वर्षं झाल्यावरसुद्धा दहातले तीन.

आता हा कायदा आमच्याकडे कसा पाळला जातो, त्यातला एक प्रसंग सांगते. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिवस. तो जवळ आला की पथक निघतं, पावत्या फाडल्या जातात, आकडा वर कळवला जातो. त्या दिवसांत मृग तोंडावर आलेला असतो. शेतकरी पीककर्जाच्या कागदांसाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत असतात आणि बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. मोताळ्याकडचा एक म्हातारा सावली बघून जिन्याखाली बसला आणि त्याने बिडी पेटवली. चूक होती, नाही कोण म्हणतं. पथकाने त्याला धरलं. दोनशे रुपये, म्हणजे कायद्यातला कमाल दंड. त्याने कमरेची पिशवी सोडली, बियाण्यासाठी मोजून आणलेल्या नोटांतल्या दोन काढल्या आणि देता देता विचारलं, ‘साहेब, पाटी कुठं हाय?’

पाटी शोधायला दहा मिनिटं लागली. ती जिन्याच्या भिंतीवरच होती, पण तिच्यापुढे लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं. कपाट आणि भिंत यांच्या फटीत डोकं घालून पथकातल्या मुलाने ती वाचली आणि बाहेर येऊन म्हणाला, आहे, आहे. पावती फाटली. त्याच वेळी वरच्या मजल्यावर साहेबांच्या बंद खोलीतून सिगारेटचा वास जिन्यापर्यंत येत होता. मी तिथे होते, आणि मी काही बोलले नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आज हे लिहिताना त्या म्हाताऱ्याचे पैसे माझ्याही अंगावर आहेत असं वाटतं.

म्हणून दंड वाढवा म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. २०२० च्या दुरुस्तीच्या मसुद्यात दोनशेचे दोन हजार करण्याची सूचना होती. जिन्याखालचा म्हातारा आणि खोलीतले साहेब, यांच्यापैकी पावती कुणाची फाटते हे मी पाहिलं आहे. दोन हजार झाले तरी ती त्याचीच फाटेल. टपरीवर सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, तिचं काय झालं ते बसस्थानकाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. नवे हुकूम काढायला आपल्याला फार आवडतं. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, हुक्क्याच्या निखाऱ्यांचा विषय निघाला, आणि पुढच्याच वर्षी राज्यभर हुक्का पार्लरं बंद करणारी दुरुस्ती झाली. बरंच झालं. पण त्यातही जिनाचाच न्याय दिसतो. ज्वाला दिसली की सगळे जागे होतात. धुराने माणूस पंधरा-वीस वर्षं घेत जळतो, त्याची वर्दी अग्निशामक दलाकडे जात नाही.

निवृत्त झाल्यावर मला वेळ मिळाला आणि मी २००८ चे नियम मुळातून वाचले. आयुष्यभर परिपत्रकं आवक केली, पण वाचली कधी? ते नियम वाचून मी थक्क झाले, कारण ते चांगले आहेत. ज्याने लिहिले त्याला कार्यालय म्हणजे काय हे कळत होतं. फलक ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असावा, प्रत्येक दाराशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यातसुद्धा असावा. ॲशट्रे, आगपेटी, लायटर असं काहीही आत ठेवू नये. आणि पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं: कुणी ओढताना दिसला तर तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचं नाव ठळकपणे लावायचं. तक्रार येऊनही प्रमुखाने काही केलं नाही तर जितक्या जणांनी गुन्हा केला तितका दंड त्या प्रमुखाला. दंड करण्याचे अधिकारही वाटून दिले आहेत. शाळेत मुख्याध्यापक, टपाल कार्यालयात पोस्टमास्तर, रेल्वेत स्टेशन मास्तर.

म्हणजे कायद्याने आगपेटीची फळी केली होती आणि तिच्यापाशी चौकीदारही बसवला होता. आपण फक्त चौकीदाराचं नाव लिहिलं नाही.

तेव्हापासून मला खोडच लागली आहे. कुठल्याही कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात गेले की आधी पाटी शोधते. बहुतेक ठिकाणी पाटी आहे. तिच्यावर लाल गोल आहे, आडवी रेघ मारलेली सिगारेट आहे, ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ असं वाक्य आहे. आणि खाली ‘तक्रारीसाठी संपर्क’ असं छापून पुढे टिंबटिंब. ती टिंबं छापखान्यातून जशी आली तशीच. एका ठिकाणी टिंबांवर कुणीतरी पेनाने एका नटाचं नाव लिहिलं होतं. निदान कुणीतरी जागा वापरली.

आमच्या जिल्ह्यात या विषयावर बोलायचं म्हणजे कुणी ना कुणी शेगाव काढतोच. ‘खुद्द महाराज चिलीम ओढत होते, मंग?’ गजानन महाराजांची चिलीम हातात असलेली तसबीर घराघरांत आहे, माझ्याही देव्हाऱ्यात आहे. दासगणूंच्या पोथीतली कथा तर पोरांनाही पाठ. अक्षय्य तृतीयेला चिलमीसाठी विस्तव मागायला गेले तर जानकीराम सोनाराने नाही म्हटलं, मग महाराजांच्या सांगण्यावरून बंकटलालने नुसती काडी धरली आणि विस्तवावाचून चिलीम पेटली. सोनाराच्या घरच्या चिंचवण्यात किडे झाले आणि तो शरण आला. तेव्हा बिडी ओढणाऱ्याला विस्तव नाकारण्याचं धाडस आमच्याकडे कुणी सहसा करत नाही, ही कथा त्याच्या खिशात असते.

पण शेगावला जाऊन पाहा. दर्शनाच्या रांगेत, भक्त निवासात, प्रसादालयात मी चाळीस वर्षं जाते आहे आणि आत कुणी बिडी ओढताना मला दिसलेला नाही. एकदा रांगेत माझ्या पुढच्या गृहस्थांनी सवयीने कानावरची बिडी काढून ओठांत धरली. आगपेटीवर काडी ओढायच्या आत एक सेवेकरी हात जोडून समोर. पांढरे कपडे, वय जेमतेम तिशीचं. ‘माउली, इथं नको.’ बस, एवढंच. गृहस्थांनी बिडी परत कानावर ठेवली आणि स्वतःच कान पकडले. पावती नाही, पथक नाही, आवाजही चढला नाही. तिथे एक माणूस उभा होता आणि हे बघणं आपलं काम आहे, असं त्याला वाटत होतं. आमच्या कार्यालयात असा माणूस पस्तीस वर्षांत मला भेटला नाही, आणि मीही तो झाले नाही.

लाल गाडीचंही तसंच. पूर्वी बोथ्याच्या घाटातून खामगावला माहेरी जाताना मागच्या बाकावर बिडी पेटायची आणि वळणावळणाला बायका-पोरं तोंडात पदर कोंबून बसायची. कंडक्टर काही बोलला तर ‘खिडकी उघडा ना मंग’ हे उत्तर ठरलेलं. आज एसटीत बिडी पेटवायची कुणाची छाती आहे? कंडक्टरच्या आधी पुढची आजीच त्याला उतरवेल. हमालांनी केलं तेच ती आजी करते. पण तिला ते धाडस येतं, कारण कंडक्टर आपल्या बाजूचा आहे हे तिला माहीत असतं. गाडीत कुणाला सांगायचं हा प्रश्न पडत नाही. खांद्याला पैशाची पिशवी अडकवलेला माणूस समोर उभाच असतो.

सगळ्यात वाईट अवस्था ज्यांची आहे त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आमच्या शेजारचा मुलगा मलकापूर रोडवरच्या एका बारमध्ये वेटर आहे. एकोणीस वर्षांचा, स्वतः काही ओढत नाही, पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला जातो. रात्री एक वाजता घरी येतो तेव्हा त्याच्या शर्टाला माझ्या १९८२ सालच्या साडीचा वास येतो. कायद्यात तीस किंवा अधिक आसनांच्या रेस्टॉरंटला वेगळी धूम्रपानाची जागा ठेवण्याची मुभा आहे. मात्र तिला चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप मिटणारं हवं, आतली हवा बाहेरच्या बाहेर काढणारी सोय हवी आणि आत खाणंपिणं वाढायचं नाही. त्याच्या बारमध्ये वेगळी जागा म्हणजे कोपऱ्यातली दोन टेबलं आणि मध्ये प्लॅस्टिकचं झाड. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून देशभरातल्या कामाच्या जागी, अगदी पबमध्येसुद्धा, धूम्रपान बंद केलं तेव्हा तिथेही लोक म्हणाले होते, पबमध्ये ओढायचं नाही तर कुठे? सरकारचं उत्तर सरळ होतं. पब ही तुमची मौजेची जागा असेल, तिथे पेले भरणाऱ्याची ती नोकरी आहे. हा मुलगा भरतीत सोळाशे मीटर धावताना धापा टाकेल तेव्हा कोणत्या टेबलावरच्या गिऱ्हाईकाला जबाबदार धरायचं? तक्रार करायची तर मालकाकडे, आणि मालक गल्ल्यावर बसून स्वतःच ओढतो. तिथे नाव बाहेरच्या माणसाचं हवं, तालुक्याच्या आरोग्य विभागातल्या किंवा पोलीस ठाण्यातल्या एखाद्या नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचं, नंबरासकट.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेले होते. पाटी होती, टिंबं होती. टेबलावरच्या मुलाला विचारलं, इथे नाव का नाही लिहिलं? त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी मोकळेपणाने म्हणाला, ‘मॅडम, नाव टाकलं की लोक फोन करतात ना.’

मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज आवक केले, त्यामुळे मसुद्याला वेळ लागला नाही. फलक दर्शनी भागी लावावा, त्यावर संबंधित अधिकाऱ्याचं नाव, पदनाम आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा, बदली झाल्यास नाव बदलावं. खर्च शून्य, एक ठळक पेन सोडून. मुलाने अर्ज वरून खाली वाचला. आवक रजिस्टर ओढलं, क्रमांक टाकला, तारीख टाकली आणि विषयाच्या रकान्याशी थांबला. ‘विषय काय लिहू, मॅडम?’

‘लिही,’ म्हटलं, ‘फलकावरील रिकामी जागा भरणेबाबत.’